कागदावरचे उच्चार : जपानच्या प्रवेशपरीक्षेतील इंग्रजीचा डोळा आणि कान

परकी भाषा लाखो विद्यार्थ्यांना शिकवता येते; पण ती त्यांना कितपत आली हे एकाच दिवशी, एकाच मापाने आणि कोणावरही अन्याय न होता तपासायचे ठरले, की त्या भाषेचा सगळा पसारा मापात मावत नाही. जे मावते तेवढेच प्रश्नपत्रिकेत उतरते आणि जे प्रश्नपत्रिकेत उतरते तेच हळूहळू शाळेतही शिकवले जाऊ लागते. जपानमधील माध्यमिक विद्यार्थ्यांची इंग्रजी गेल्या सव्वाशे वर्षांत ज्या रीतीने तपासली गेली, तिचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. लिहिलेली इंग्रजी वाचून तिचा अर्थ लावण्याची परीक्षा तेथे इतक्या बारकाईने विकसित झाली, की तिच्याभोवती ग्रंथ, शिकवण्या आणि रेडिओवरील पाठ यांचे एक स्वतंत्र विश्व उभे राहिले. बोललेली इंग्रजी ऐकून कळते का, हा प्रश्न मात्र राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेत प्रथम विचारला जायला २००६ साल उजाडावे लागले. कानाचे महत्त्व कोणाला ठाऊक नव्हते म्हणून हा विलंब झाला असे मानणे चुकीचे ठरेल. छापलेला कागद सर्वांना सारखा वाटता येतो, आवाज मात्र सारखा वाटता येत नाही, ही अडचण त्यामागे होती, आणि तिच्यावर तोडगा निघेपर्यंत जपानी परीक्षकांनी उच्चारसुद्धा कागदावरच तपासले.

या कथेची सुरुवात मात्र कानापासूनच होते. १८०८ साली ‘फेटन’ ही ब्रिटिश युद्धनौका डच निशाण लावून नागासाकी बंदरात शिरली आणि तेथील शोगुनशाहीच्या अधिकाऱ्याला आपल्या अपयशाबद्दल आत्मबलिदान करावे लागले. या धक्क्यानंतर नागासाकीच्या दुभाष्यांना, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या डच व्यापाऱ्यांशी बोलणी करणाऱ्या घराण्यांतील माणसांना, इंग्रजी शिकण्याचा हुकूम झाला. त्यांना शिकवणारा डच अधिकारी स्वतःच इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकलेला होता, त्यामुळे त्यांच्या कानी पडलेले उच्चार डच वळणाचे होते. इंग्रजी ही मातृभाषा असलेला पहिला शिक्षक त्यांना मिळाला तो १८४८ मध्ये. रॅनल्ड मॅकडॉनल्ड हा उत्तर अमेरिकेतील मिश्र वंशाचा तरुण जपान पाहण्याच्या ओढीने मुद्दाम त्या किनाऱ्यावर उतरला आणि नागासाकीत कैदेत असताना त्याने चौदा दुभाष्यांना इंग्रजी शिकवली. त्या चौदांपैकी मोरियामा एइनोसुके पुढे अमेरिकन आरमाराच्या कमोडोर पेरीशी झालेल्या वाटाघाटींत दुभाषा म्हणून वावरला. या माणसांच्या परीक्षेला प्रश्नपत्रिका नव्हती. समोरचा परदेशी काय म्हणाला ते नीट कळले की नाही आणि वाटाघाट निभावली की नाही, एवढाच तिचा निकाल होता.

मेइजी राजवटीच्या आरंभी, १८६८ नंतर, इंग्रजी शिकण्याची गरज एकाएकी वाढली, आणि तेव्हाच डोळ्याची इंग्रजी व कानाची इंग्रजी यांच्यात एक अधिकृत रेघ ओढली गेली. टोकियो विद्यापीठाची पूर्वसंस्था असलेल्या ‘दाइगाकु नानको’ या विद्यालयाच्या १८७० सालच्या नियमांत शिक्षणाचे दोन प्रवाह सांगितले होते. ‘सेइसोकु’, म्हणजे नियमित पद्धतीत, परदेशी शिक्षक उच्चार आणि संभाषण यांपासून सुरुवात करीत. ‘हेन्सोकु’, म्हणजे अनियमित पद्धतीत, जपानी शिक्षक उच्चाराची फारशी फिकीर न करता केवळ मजकुराचा अर्थ लावायला शिकवीत. हेन्सोकु विद्यार्थी ‘समटाइम्स’ हा शब्द ‘सोमेचिमेसु’ असा अक्षरागणिक वाचत, असे सांगितले जाते. तरीही या पद्धतीला अनाडी समजण्याचे कारण नाही, कारण तिच्यामागे हजार वर्षांहून जुनी विद्वत्तेची परंपरा होती. जपानी पंडित चिनी ग्रंथ वाचत ते चिनी उच्चारांनी नव्हे. चिनी वाक्यात क्रियापद कर्माच्या आधी येते, जपानी वाक्यात मराठीप्रमाणेच ते शेवटी येते. म्हणून चिनी मजकुराच्या कडेला बारीक खुणा करून शब्दांचा क्रम फिरवायचा आणि तो मजकूर थेट जपानी वाक्य म्हणून वाचायचा, अशी ‘कानबुन कुनदोकु’ नावाची रीत त्यांनी घडवली होती. संस्कृत श्लोकाचा अन्वय लावून मग त्याचा अर्थ सांगणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्याला ही रीत चटकन ओळखता येईल, फरक एवढाच की अन्वय लावताना शब्द संस्कृतच राहतात, कुनदोकुमध्ये ते वाचता वाचताच जपानी होऊन जातात. हीच रीत इंग्रजीला लावली गेली. त्या काळच्या स्वयंशिक्षणाच्या पुस्तकांत इंग्रजी शब्दाखाली जपानी अर्थ आणि शेजारी वाचण्याचा अनुक्रम दाखवणारे आकडे छापलेले असत. वाक्य उलगडून जपानीत आणणे म्हणजेच ते वाचणे, अशी समजूत यातून रुजली आणि पुढे तिला ‘याकुदोकु’, म्हणजे भाषांतर-वाचन, हे नाव मिळाले.

उच्च शिक्षणाचा पहिला काळ मात्र वेगळा होता. गणित, इतिहास, भूगोल असे विषयच परदेशी शिक्षकांकडून इंग्रजीत शिकावे लागत असल्यामुळे त्या पिढीतील विद्यार्थ्यांची इंग्रजी वेगळी तपासण्याची फारशी गरज पडत नसे. परदेशी शिक्षकांची जागा जपानी शिक्षकांनी घेतली, पाठ्यपुस्तके जपानीत आली आणि इंग्रजी हा इतर विषयांसारखा एक विषय उरला. कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध होण्याआधी इंग्रजीचे अध्यापक असलेले नात्सुमे सोसेकी यांनी १९११ साली या बदलाविषयी लिहिताना, विद्यार्थ्यांची इंग्रजी खालावली हे खरे, पण शिक्षण स्वभाषेत येण्याचा तो स्वाभाविक परिणाम आहे आणि स्वतंत्र राष्ट्राला तो शोभणाराच आहे, अशी भूमिका घेतली. तिच्यातील न्याय नाकारता येत नाही. परंतु विषय म्हणून उरलेल्या इंग्रजीला आता परीक्षेवाचून दुसरा आधार राहिला नव्हता. उच्च माध्यमिक विद्यालयांतील, म्हणजे विद्यापीठाच्या दारात उभ्या असलेल्या ‘कोतोगाक्को’ संस्थांतील, जागा थोड्या आणि इच्छुक फार असल्यामुळे इंग्रजीची प्रश्नपत्रिका ही चाळणी झाली, आणि चाळणीला बारीक छिद्रे लागतात.

ही छिद्रे कशी पाडली गेली, हे त्या काळातील अभ्यासपुस्तकांवरून दिसते. नान्निची त्सुनेतारो यांनी १९०३ साली प्रवेशपरीक्षांत येणाऱ्या अवघड इंग्रजी वाक्यांचे प्रकारवार वर्गीकरण करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२१ मध्ये आलेले ओनो केइजिरो यांचे इंग्रजी अर्थबोधावरील पुस्तक तर पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या दप्तरात राहिले. परीक्षेतील नमुनेदार प्रश्न असा असे, की एखाद्या इंग्रज निबंधकाराच्या लेखनातून काही ओळींचा उतारा द्यायचा आणि अधोरेखित भाग जपानीत उतरवायला सांगायचे. उतारा लहान पण वाक्ये गुंतागुंतीची; एका प्रधान वाक्यात तीन-चार गौण वाक्ये, दुहेरी नकार, तुलना, वगळलेले शब्द. या वाक्याची गाठ सोडवण्यासाठी विद्यार्थ्याला व्याकरणाची जाण तर लागेच, पण त्यातील विचार स्वतःच्या भाषेत मांडण्याची ताकदही लागे. ही कसोटी बौद्धिकदृष्ट्या खरी होती, आणि तिच्यातून तयार झालेल्या पिढ्यांनी पाश्चात्त्य विज्ञान, कायदा आणि तत्त्वज्ञान जपानीत आणले. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्यांची एक मोठी पिढी होऊन गेली. त्यांनाही भाषांतर हे घोकंपट्टीहून कितीतरी अधिक काही असू शकते, हे अनुभवाने ठाऊक होते. मात्र त्या कसोटीत वाचनाचा वेग, दीर्घ मजकुराचा ओघ आणि ध्वनी या तिन्ही गोष्टींना स्थान नव्हते. पाच ओळींसाठी अर्धा तास घेणारा विद्यार्थी त्या परीक्षेत उत्कृष्ट वाचक ठरत असे.

या स्थितीला आव्हान मिळाले ते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ हॅरल्ड पामर यांना जपानी शिक्षण मंत्रालयाने भाषाविषयक सल्लागार म्हणून १९२२ मध्ये बोलावले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी टोकियोत एक संस्था स्थापन झाली. भाषा प्रथम ऐकण्यात, मग बोलण्यात आणि त्यानंतर वाचण्यात यावी, असे पामर यांचे प्रतिपादन होते. तोंडी प्रश्नोत्तरांवर आधारलेली त्यांची पद्धत अनेक शाळांत पोचली. १९३६ साली ते परतले तेव्हा तोंडी पद्धतीने शिकवणारे निष्ठावान शिक्षक त्यांच्या मागे होते, परंतु प्रवेशपरीक्षा बदललेली नव्हती. याच सुमारास ओकाकुरा योशिसाबुरो यांचे कार्य लक्ष वेधून घेते. रवींद्रनाथांचे स्नेही आणि काही काळ भारतात राहिलेले कलासमीक्षक ओकाकुरा काकुझो यांचे हे धाकटे बंधू. वाचन हाच शालेय इंग्रजीचा गाभा असावा असे त्यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात आग्रहाने मांडले होते, आणि १९२५ साली जपानमध्ये रेडिओ सुरू होताच त्यावर इंग्रजीचे पहिले पाठ देणारेही तेच होते. डोळा आणि कान यांचा झगडा अपरिहार्य नव्हता, हे या एका माणसाच्या आयुष्यातून दिसते. परंतु १९२७ मध्ये जपानी साहित्याचे प्राध्यापक फुजिमुरा त्सुकुरु यांनी माध्यमिक शाळांतून सक्तीची इंग्रजी हटवावी असा लेख लिहिला, त्यातून मोठा वाद पेटला. आणि पुढे युद्धकाळात शत्रूची भाषा म्हणून तिचे तास कमी होत गेले, तेव्हा परीक्षा सुधारण्याचा विचार मागे पडणे स्वाभाविक होते.

युद्धानंतरच्या जपानमध्ये इंग्रजी प्रथम कानावाटेच परत आली. फेब्रुवारी १९४६ पासून हिराकावा तादाइची यांचा रेडिओवरील संभाषणाचा कार्यक्रम एका परिचित बालगीताच्या चालीने सुरू होई आणि उद्ध्वस्त शहरांतील घराघरांत ऐकला जाई. १९४७ साली नवी शिक्षणव्यवस्था आली, तीन वर्षांची कनिष्ठ आणि तीन वर्षांची उच्च माध्यमिक शाळा अशी रचना झाली, आणि तीत परकी भाषा हा औपचारिकदृष्ट्या ऐच्छिक विषय राहिला. परंतु उच्च माध्यमिक शाळांच्या आणि विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांत इंग्रजी असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक मूल ती शिकत होते. कनिष्ठ माध्यमिक शाळेत परकी भाषा कागदोपत्री सक्तीची झाली ती थेट २००२ साली. अभ्यासक्रमाने जे पन्नासहून अधिक वर्षे केले नाही ते परीक्षेने आधीच करून टाकले होते. याच काळात ‘जुकेन जिगोकु’, म्हणजे परीक्षेचा नरक, हा शब्द घरोघरी पोचला, आणि चार तास झोपणारा उत्तीर्ण व पाच तास झोपणारा नापास, अशा अर्थाची चार अक्षरी म्हण मुलांच्या तोंडी बसली. १९५२ पासून विद्यापीठ प्रवेशेच्छूंसाठी रेडिओवर पाठ सुरू झाले, आणि १९६७ मध्ये मोरी इचिरो यांचे परीक्षेत हमखास येणाऱ्या शब्दांचे छोटे पुस्तक निघून अफाट खपले. दूरच्या खेड्यातील मूल रात्री कान रेडिओला लावून बसत असे, पण त्या कानावर पडे ते व्याकरणाचे जपानी स्पष्टीकरण. १९६३ साली सुरू झालेल्या ‘एइकेन’ या पदवीशी संबंध नसलेल्या इंग्रजी प्रावीण्य परीक्षेत वरच्या श्रेणींसाठी तोंडी मुलाखत होती. ज्यांना ऐकण्या-बोलण्याचे प्रमाणपत्र हवे त्यांच्यासाठी ती सोय झाली, आणि विद्यापीठाची परीक्षा आपल्या वाटेने चालत राहिली.

परीक्षेचा हेतू काय, हा प्रश्न उघडपणे मांडला गेला तो १९७४-७५ मध्ये. सत्ताधारी पक्षाचे संसदसदस्य हिराइझुमी वातारु यांनी एका मसुद्यात असे सुचवले, की इंग्रजी प्रवेशपरीक्षेतून काढून टाकावी, सर्वांना तिचा थोडा परिचय करून द्यावा आणि लोकसंख्येच्या सुमारे पाच टक्के लोकांना मात्र ती खरोखर वापरता येईल असे सखोल शिक्षण द्यावे. त्यांचे म्हणणे सरळ होते : सहा-आठ वर्षे शिकूनही विद्यार्थ्यांना ती ना नीट बोलता येते ना ऐकून कळते, मग एवढा खटाटोप कशासाठी? इंग्रजीचे विद्वान वातानाबे शोइची यांनी त्यांना मासिकातून उत्तर दिले. कठीण मजकूर मातृभाषेशी भिडवून पाहण्यात बुद्धीला जी तालीम मिळते तीच शालेय इंग्रजीची खरी कमाई आहे, संभाषण गरज पडेल तेव्हा शिकता येते, आणि प्रवेशपरीक्षा त्या तालमीची राखण करते, असा त्यांचा युक्तिवाद होता. ओनो केइजिरोंच्या पुस्तकावर वाढलेल्या साऱ्या परंपरेचे हे समर्थ समर्थन म्हणावे लागेल. तरी दोन्ही पक्षांच्या लिखाणातून एक गोष्ट निसटली. वातानाबे ज्या परीक्षेचा बचाव करत होते, ती स्वहस्ते लिहिलेल्या भाषांतराची परीक्षा होती, आणि चारच वर्षांत तिच्या आधी एक वेगळीच परीक्षा येऊन उभी राहणार होती.

१९७९ च्या जानेवारीत राष्ट्रीय व सार्वजनिक विद्यापीठांसाठी सामाईक पहिल्या टप्प्याची परीक्षा झाली आणि सुमारे ३ लाख २७ हजार विद्यार्थ्यांनी ती दिली. एवढी उत्तरे माणसांनी तपासणे शक्य नव्हते, म्हणून ‘मार्क शीट’ आली. मराठी वाचकाला या शब्दाने गुणपत्रिका आठवेल, पण जपानमध्ये तिचा अर्थ पेन्सिलीने गोल काळे करून यंत्राकडून तपासून घ्यायची उत्तरपत्रिका असा होतो. यंत्राला भाषांतर तपासता येत नाही. त्यामुळे या टप्प्यावर भाषांतर गेले आणि पर्यायांतून निवड आली. भाषांतर उरले ते विद्यापीठांच्या स्वतंत्र दुसऱ्या टप्प्यात. ध्वनी तर नव्हताच, पण ध्वनीची दखल घ्यायची इच्छा होती, आणि त्यातून या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रश्नप्रकार राष्ट्रीय पातळीवर स्थिरावला. चार शब्द छापायचे, प्रत्येकातील एक-दोन अक्षरे अधोरेखित करायची आणि कोणत्या शब्दात त्यांचा उच्चार वेगळा आहे हे ओळखायला सांगायचे. ‘ब्रेड’, ‘ग्रेट’ आणि ‘हार्ट’ या शब्दांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ई आणि ए ही जोडी तीच, पण स्वर तिन्हींत निराळा. इंग्रजी लिपीतील या विसंगतीवर असे प्रश्न बेतलेले असत. दुसऱ्या प्रकारात शब्दातील कोणत्या अवयवावर आघात पडतो हे विचारले जाई. नि:शब्द दालनात, एकही इंग्रजी ध्वनी कानी न पडता, लाखो मुले उच्चारांची परीक्षा देत होती. १९९० साली या परीक्षेची जागा खाजगी विद्यापीठांनाही वापरता येणाऱ्या ‘केंद्र परीक्षे’ने घेतली, तरी हे प्रश्न कायम राहिले, अगदी अखेरच्या वर्षीही २०० पैकी १४ गुण त्यांना होते.

या प्रश्नांना शास्त्राचा आधार नव्हता असे नाही. अमेरिकन भाषातज्ज्ञ रॉबर्ट लॅडो यांनी १९६१ च्या भाषापरीक्षणावरील ग्रंथात, प्रत्येकाला बोलायला लावणे शक्य नसेल तिथे कागद-पेन्सिलीने उच्चार तपासण्याचा मार्ग सुचवला होता. परंतु गॅरी बक यांनी जपानी विद्यार्थ्यांवर केलेले आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन स्पष्ट होते : अशा लेखी प्रश्नांत मिळालेले गुण आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष उच्चार यांचा संबंध अत्यंत क्षीण निघाला. त्यानंतरही तीस वर्षे हे प्रश्न विचारले गेले, ही गोष्ट खेदाची आहे. सर्वांना सारखीच लागू पडणारी चुकीची मोजपट्टी मोठ्या परीक्षेत फार काळ टिकते, कारण तिच्यामुळे कोणाचेही दुसऱ्यापेक्षा अधिक नुकसान झालेले दिसत नाही; नुकसान होते ते ज्या विद्येची परीक्षा आहे त्या विद्येचे.

परीक्षेबाहेर मात्र कानाची बाजू बळकट होत होती. १९८७ पासून परदेशी तरुणांना सरकारी कार्यक्रमाखाली शाळांत साहाय्यक शिक्षक म्हणून आणले जाऊ लागले, आणि १९८९ च्या अभ्यासक्रमाने उच्च माध्यमिक शाळेत ‘ओरल कम्युनिकेशन’, म्हणजे तोंडी व्यवहार, असा स्वतंत्र विषय आणला. वेळापत्रकात तो आला, वर्गात मात्र अनेक ठिकाणी त्या तासाला व्याकरणच शिकवले गेले. शिक्षकांच्या बोलण्यात त्याला ‘ओ. सी. जी.’ असे नाव पडले, त्यातील ‘जी’ म्हणजे ग्रामर. दोष परीक्षेच्या माथी मारणे सोपे होते, पण योशिनोरी वातानाबे यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रत्यक्ष वर्गांचे निरीक्षण करून दाखवले, की भाषांतरावर भर देणारे शिक्षक परीक्षेत भाषांतर नसतानाही ते शिकवतात आणि दुसरे काही ते असतानाही टाळतात. शिक्षकाचे स्वतःचे शिक्षण आणि श्रद्धा यांचा वाटा परीक्षेइतकाच मोठा असतो. परीक्षेचा वर्गावर होणारा परिणाम, ज्याला भाषापरीक्षणाच्या शास्त्रात ‘वॉशबॅक’ म्हणतात, तो पाण्याच्या लाटेसारखा एकसारखा येत नाही, हे या अभ्यासाने दाखवले.

अखेर २००३ मध्ये शिक्षण मंत्रालयाने इंग्रजी वापरू शकणारे जपानी नागरिक घडवण्याचा कृतिकार्यक्रम जाहीर केला आणि केंद्र परीक्षेत २००६ पासून श्रवणाचा भाग असेल, हे निश्चित झाले. आता जुनी अडचण समोर उभी राहिली. देशभरातील शेकडो परीक्षाकेंद्रांपैकी काही जुनी, उंच छताची व्याख्यानगृहे, काही लहान वर्गखोल्या; एकाच ध्वनिक्षेपकातून आवाज सोडला तर पुढच्या बाकावरचा विद्यार्थी आणि मागच्या खिडकीजवळचा विद्यार्थी यांना निराळी परीक्षा द्यावी लागेल. शेजारच्या दक्षिण कोरियाने, १९९३ साली सुरू झालेल्या आपल्या राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेत ध्वनिक्षेपकांवरून श्रवणपरीक्षा घेताना, उपाय परिसरात शोधला. त्या अर्ध्या-पाऊण तासात देशभरातील विमानांची उड्डाणे आणि उतरणे थांबवले जाते. जपानने आभाळ शांत करण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती आवाजाचा स्वतंत्र स्रोत दिला. ‘आय. सी. प्लेयर’ हे तळहाताएवढे उपकरण, त्यात बसवायची स्मृतिपट्टी आणि कानात घालायचा इअरफोन प्रत्येक बाकावर ठेवले गेले. विद्यार्थ्याने पट्टी स्वतः बसवायची, चाचणीचा आवाज ऐकून त्याची पातळी ठरवायची आणि पर्यवेक्षकाच्या इशाऱ्यावर सर्वांनी एकाच वेळी कळ दाबायची. त्यानंतर उपकरण थांबवता येत नाही, मागे नेता येत नाही. ऐकण्याचा वेळ तीस मिनिटे, पण या तयारीसह परीक्षा एका तासाची. लेखी परीक्षेच्या २०० गुणांच्या जोडीला श्रवणाला ५० गुण मिळाले आणि प्रत्येक संवाद दोनदा ऐकवला गेला.

२१ जानेवारी २००६ च्या संध्याकाळी सुमारे ४ लाख ९० हजार विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली. उपकरण बंद पडले, आवाज तुटला अशा तक्रारी करणाऱ्या चारशेहून अधिक विद्यार्थ्यांची त्याच दिवशी फेरपरीक्षा घ्यावी लागली. एकूण संख्येच्या मानाने हे प्रमाण हजारात एकाहूनही कमी होते. तरीही वृत्तपत्रांत त्याचीच चर्चा झाली, आणि ज्याच्या प्रवेशाचे वर्ष त्या अर्ध्या तासावर अवलंबून होते त्याच्या दृष्टीने ती योग्यही होती. तीव्र श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्यांना या भागातून सूट देण्याची तरतूद झाली. ‘सर्वांना सारखे’ या शब्दांचा अर्थ कागदाच्या काळात कधी इतक्या बारकाईने तपासावा लागला नव्हता. कान परीक्षेत आला आणि तो अर्थ तपासणे भाग पडले.

त्यानंतरचे पाऊल मात्र फसले. ऐकणे आणि वाचणे यांच्या जोडीला बोलणे व लिहिणेही तपासावे, आणि त्यासाठी खाजगी संस्थांच्या इंग्रजी परीक्षांचे गुण ग्राह्य धरावेत, असा निर्णय २०१७ साली झाला. निरनिराळ्या हेतूंनी तयार झालेल्या परीक्षा भाषाप्रावीण्याच्या एकाच युरोपीय श्रेणीवर बसवून त्यांची तुलना करायची, हे अनेक भाषातज्ज्ञांना पटत नव्हते. त्याहून मोठा प्रश्न होता शुल्काचा आणि अंतराचा, कारण बेटांवरच्या व डोंगराळ भागातील मुलांना परीक्षेसाठी मुक्काम करून शहरात यावे लागले असते. विद्यार्थ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे लढावे, अशा अर्थाचे उद्गार शिक्षणमंत्री हागिउदा कोइची यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये दूरचित्रवाणीवर काढले आणि जनक्षोभ उसळला. १ नोव्हेंबर रोजी योजना पुढे ढकलण्यात आली आणि २०२१ मध्ये ती कायमची सोडून देण्यात आली. उच्च माध्यमिक शाळांचे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक यांनी या काळात उघडपणे केलेला विरोध उचित होता. १९७९ पासून जिच्यासाठी भाषेचे इतके अंग कापले गेले ती समानता, बोलण्याच्या नावाखाली एका झटक्यात सोडून देण्यासारखी नव्हती.

२०२१ च्या जानेवारीत आलेल्या नव्या ‘सामाईक परीक्षे’त म्हणूनच डोळा आणि कान एवढेच राहिले, पण बरोबरीने : वाचनाला १०० गुण, श्रवणाला १०० गुण. कागदावरचे उच्चार आणि आघात यांचे प्रश्न एकदाचे गेले. श्रवणाचा काही भाग आता एकदाच ऐकवला जातो, आणि बोलणाऱ्यांत केवळ अमेरिकन नव्हे तर ब्रिटिश आणि इंग्रजी ही मातृभाषा नसलेले आवाजही असतात. या गुणांना किती वजन द्यायचे हे विद्यापीठांवर सोपवलेले असल्याने टोकियो विद्यापीठाने पहिल्याच वर्षी वाचनाला १४० आणि श्रवणाला ६० असे प्रमाण ठरवले. वाचनाच्या भागाचे रूपही पालटले. ऐंशी मिनिटांत पाच हजारांहून अधिक शब्दांचा मजकूर संपवायचा आणि त्यात जाहिराती, संदेश, वेळापत्रके, आलेख यांतून हवी ती माहिती शोधायची. गुंतागुंतीच्या एका वाक्यापाशी थांबायला तिथे उसंत नाही.

ती उसंत ज्यांना मोलाची वाटते त्यांच्यासाठी जुनी परीक्षा अजून काही ठिकाणी जिवंत आहे. जानेवारीच्या संध्याकाळी कानात इअरफोन घालून कळ दाबणाऱ्या मुलांपैकीच काही जण फेब्रुवारीच्या अखेरीस क्योतो विद्यापीठाच्या दुसऱ्या टप्प्याच्या परीक्षेला बसतात, आणि तिथे त्यांच्यासमोर इंग्रजी गद्याचा एक अवघड उतारा, त्यातील काही अधोरेखित ओळी आणि त्या जपानीत लिहिण्यासाठी कोरी जागा ठेवलेली असते.